लाख कोटींचा बिल्ला

मुंबई-पुण्याच्या नाणे-प्रदर्शनांत परदेशी नाण्यांच्या टेबलावर अधूनमधून एक तबक दिसतं. त्यावर चिठ्ठी असते, ‘जर्मन महागाईची नाणी’. तबकात सगळंच एकत्र. काळवंडलेलं जस्त, गंजलेलं लोखंड, अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या चकत्या, तपकिरी चिनीमातीचे दोन-चार तुकडे आणि मधोमध वेगळ्या डबीत एखादं तळहाताएवढं, सोनेरी मुलाम्याचं धूड. विक्रेत्याची गोष्टही ठरलेली: लोक टोपलीभर नोटा घेऊन पावाला जायचे, चोर नोटा ओतून टोपली पळवायचे, आणि त्याच काळातली ही नाणी. गिऱ्हाईक हळहळतं आणि पाकीट काढतं. गोष्टीतला नोटांचा भाग सोडून देऊ. नाण्यांचा भाग मात्र बराचसा खोटा आहे, आणि तो खोटेपणा आता आपल्याकडच्या संग्राहकांच्या अल्बमांतही शिरला आहे.

महागाई वेडीपिशी होते तेव्हा नाणं चलनातून सगळ्यात आधी बाद होतं. कारण सरळ आहे. नाणं पाडायचं तर ठसा कोरावा लागतो, तो कडक करावा लागतो, पत्र्यातून चकत्या कापाव्या लागतात, छाप मारावी लागते, मोजणी करून पोती भरावी लागतात, पोती बँकांपर्यंत न्यावी लागतात. यात आठवडे जातात. जर्मनीत १९२३ साली आठवड्याचा अवधी कोणाकडे होता? महायुद्धाआधी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. जानेवारी १९२३ची सरासरी सुमारे १८ हजार, जुलैची साडेतीन लाख, ऑगस्टची ४६ लाख, सप्टेंबरची जवळपास ९ कोटी ८९ लाख आणि ऑक्टोबरची २,५२६ कोटी. २० नोव्हेंबरला दर थांबला तो ४ लाख २० हजार कोटी मार्कांवर. या वेगात नाण्यावर किंमत कोरणं म्हणजे उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या लादीवर तिचं वजन कोरण्यासारखं.

कागदाचं तसं नव्हतं. कागदाला शिक्का पुरतो. राइशबँकेने, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने, हजार मार्कांच्या पडून असलेल्या नोटा घेतल्या आणि त्यांवर आडवी लाल अक्षरं छापून त्यांच्या शंभर कोटींच्या नोटा केल्या. पुढे तर मागची बाजू कोरी ठेवूनच नोटा बाहेर पडू लागल्या, तेवढाच वेळ आणि शाई वाचली. सरकारी छापखाना पुरेना म्हणून शंभराहून अधिक खासगी छापखाने जुंपले गेले. म्हणजे महागाईचा खरा ऐवज कागदी आहे. एका बाजूने छापलेला, वाळायच्या आत बँकेत पोचलेला, आणि म्हणूनच आज किलोच्या भावात मिळाला तरी नवल वाटू नये असा.

मग त्या तबकातली नाणी कुठली?

काळवंडलेलं जस्त आणि गंजकं लोखंड बहुतेक १९१६ ते १९२० या काळातलं. त्याला महागाईने नव्हे, युद्धाने जन्माला घातलं. १९१४च्या ऑगस्टमध्ये लढाई सुरू झाली आणि लोकांनी चांदी घरात दडवली. मग तांबं आणि निकेल सरकारलाच दारूगोळ्यासाठी हवं झालं. राइशने, म्हणजे जर्मन केंद्र सरकारने, १९१५ पासून ५ फेनिग (फेनिग म्हणजे मार्काचा शंभरावा हिस्सा) लोखंडात पाडले, पाठोपाठ १० फेनिगही, १९१६मध्ये १ फेनिग अ‍ॅल्युमिनियमचा झाला, १९१७मध्ये १० फेनिग जस्ताचे. तरी सुट्ट्यांची टंचाई हटेना. तेव्हा नगरपालिका, जिल्हे, ट्राम कंपन्या, कारखाने, गॅसपुरवठा करणारे यांनी आपापली चकती काढली. हेच नोटगेल्ट, अडचणीचा पैसा. गोल चकती सरकारी नाण्यात मिसळू नये म्हणून कोणी अष्टकोनी काढली, कोणी चौकोनी, कोणी मधे भोक पाडलं. एका बाजूला गावाचं बोधचिन्ह, दुसऱ्या बाजूला मोठा आकडा आणि ‘युद्धपैसा’ असा शब्द. चार गल्ल्यांपलीकडे ते चालेल याची खात्री नव्हती, पण त्या चार गल्ल्यांत भाजीवाली ते घेत होती.

याच युद्धाची झळ आपल्याकडेही पोचली होती. चांदी महाग झाली म्हणून हिंदुस्थान सरकारने १९१७च्या नोव्हेंबरअखेर पहिली एक रुपयाची कागदी नोट काढली, जानेवारी १९१८मध्ये अडीच रुपयांची, आणि दोन, चार नि आठ आण्यांना चांदीऐवजी तांबं-निकेलचा मिश्रधातू आला. अडीच रुपयांच्या नोटेवर आपले लोक आज जीव टाकतात, तेव्हा ‘ही चांदीच्या टंचाईची नोट’ हे त्यांना नीट ठाऊक असतं, तिला कोणी महागाईची नोट म्हणत नाही. जर्मन जस्ताच्या बाबतीत मात्र एवढा विवेक गळून पडतो. १९१७चं १० फेनिग हातात घेऊन १९२३ची हळहळ व्यक्त करणं म्हणजे चुकीच्या घरी समाचाराला जाणं.

चिनीमातीचं प्रकरण आणखी मजेशीर. सॅक्सनीतल्या माइसन इथल्या कारखान्याने १९२० आणि १९२१ साली नाणी भाजली. काही शुभ्र, बिनझिलईची, काहींना सोन्याची कड, आणि पुष्कळशी लालसर तपकिरी दगडी मातीची. या मातीला ब्योट्गरचं नाव आहे. योहान फ्रीडरिश ब्योट्गर हा किमयागार. आपल्याला सोनं करता येतं अशी त्याची ख्याती झाली, म्हणून सॅक्सनीच्या ऑगस्ट राजाने त्याला कोंडून ठेवलं. सोनं काही झालं नाही. झाली ती आधी ही तपकिरी माती, मग युरोपातली पहिली अस्सल पोर्सेलिन, आणि १७१०मध्ये माइसनचा कारखाना. सोनं करायला बसवलेल्या माणसाच्या मातीतून दोनशे वर्षांनी त्याच कारखान्याने पैसे पाडले, हा योग कुणा कादंबरीकाराने जुळवला असता तर आपण नाकं मुरडली असती.

ही नाणी देखणी आहेत यात शंका नाही. मागच्या बाजूला माइसनच्या त्या दोन फुली मारलेल्या तलवारी, पुढे नेटका उठाव, बोट फिरवलं तर थंड आणि किंचित खरखरीत. सॅक्सनी राज्याने १९२१ साली २० फेनिगपासून २० मार्कांपर्यंतची मालिकाच यात काढली. पण असली नाणी गल्ल्यात टाकायला काढलेली नव्हतीच म्हटलं तरी चालेल. तोवर जर्मनीत संग्राहकांची एक फौज तयार झाली होती आणि नगरपालिकांना एक सुंदर शोध लागला होता: संग्राहक गावाचं नाणं किंवा नोट घेतो, अल्बममध्ये लावतो आणि बदलून मागायला कधीच येत नाही. म्हणजे गावाला बिनव्याजी, बिनपरतीचं कर्ज! मग गावागावांतून सहा-सहा, बारा-बारा रंगीत नोटांच्या मालिका निघाल्या. हामेल्नने उंदीर पळवणारा पुंगीवाला छापला, बीलेफेल्डच्या बचत बँकेने रेशमावर आणि मखमलीवर नोटा काढल्या, प्योसनेकने चामड्यावर. काही नोटांची मुदत तर त्या विक्रीला यायच्या आधीच संपलेली असे. बॉनने १९२०मध्ये आपल्या लोखंडी नाण्यांवर बेथोव्हेन आणला, त्याच्या जन्माला दीडशे वर्षं होत होती. तिथे टंचाई आणि हौस निदान एका चकतीवर नांदत होत्या. पुढे टंचाई नावालाच उरली. शेवटी जुलै १९२२मध्ये कायदा करून हा बाजार बंद पाडावा लागला. दोन महिन्यांत खऱ्या चलनाचाच तुटवडा सुरू झाला आणि पुन्हा परवानगी देण्याची पाळी आली, ही गोष्ट वेगळी.

याच काळातली एक चकती मात्र मला मनापासून आवडते. टपाल तिकीट आत बसवलेली. अ‍ॅल्युमिनियमची छोटी वाटी, तिच्यात तिकीट, वर पारदर्शक झाकण, आणि पाठीवर उठावात कुठल्यातरी बँकेची, बिअरची नाहीतर दुकानाची जाहिरात. कल्पना फ्रान्समधून जर्मनीत आली. तिकीट सुटं फिरवलं तर हाताच्या घामाने फाटतं, डिंक चिकटतो, म्हणून ही सोय. सुट्टे नाहीत म्हणून हातावर गोळी टेकवणाऱ्या आपल्या दुकानदारापेक्षा हा बरा. तिकीट निदान टपालात तरी चालायचं, आणि जाहिरातीच्या पैशांतून चकतीचा खर्चही निघायचा. अशा वाटीच्या झाकणावर आतून पिवळट झाक आलेली दिसते, कडेला एखादा ओरखडा असतो. कुणाच्या तरी खिशात ती किल्ल्यांबरोबर फिरली आहे.

आता ते मधलं धूड. वेस्टफालिया प्रांताच्या बँकेने १९२१ पासून नाण्यांची मालिका काढली. पुढे फ्रायहेअर फोम श्टाइन, मागे मागच्या पायांवर उभा राहिलेला वेस्टफालियाचा घोडा. हा श्टाइन प्रशियाचा मंत्री. भूदासांच्या मुक्तीचा १८०७चा हुकूम आणि १८०८चा नगरपालिकांना कारभार देणारा कायदा त्याच्या नावावर. नाण्यावर त्याला ‘कठीण काळातला जर्मनीचा नेता’ म्हटलं आहे. मालिका ५० फेनिगपासून सुरू झाली आणि दोन वर्षांत हजार, दहा हजार, पाव दशलक्ष, २० लाख, ५ कोटी अशी चढत गेली. ५ कोटींच्या नाण्याचा हिशेब करून पाहा. सप्टेंबर १९२३च्या सरासरी दराने त्याचा अर्धा डॉलर होतो, ऑक्टोबरच्या सरासरीने सेंटाचा पाचवा हिस्सा. ठसा तोच, धातू तोच, श्टाइनची मुद्रा तीच. हे नाणं गल्ल्यात ठेवून दुकानदाराने रात्री झोपायचं कसं?

आणि सगळ्यांत वरचं १ बिलिओन मार्कांचं. साठ मिलिमीटर व्यासाचं. जर्मन बिलिओन म्हणजे एक लाख कोटी. आपल्याकडचे विक्रेते इंग्रजी धाटणीने वाचून ते शंभर कोटींचं म्हणून विकतात, म्हणजे हजारपटीने स्वस्त सांगतात, एवढीच काय ती त्यांच्या हातून घडलेली नम्रता. त्यावर साल १९२३ आहे. पण ते लोकांच्या हाती आलं १९२४मध्ये, महागाई संपल्यावर, आठवण म्हणून. १५ नोव्हेंबर १९२३ला रेंटनमार्क हे नवं चलन सुरू झालं होतं आणि एका रेंटनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क असा भाव बांधून दिला होता. म्हणजे त्या धुडाची दर्शनी किंमत नव्या चलनात बरोबर एक मार्क. हे नाणं पावाच्या रांगेत कधीच उभं राहिलं नाही. तो स्मरणार्थ काढलेला बिल्ला आहे. बिल्ला म्हणून तो उत्तम आहे, आकाराने, घडणीने, त्यातल्या खोचक विनोदानेही. ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. फक्त त्याच्याकडे बोट दाखवून कोणी म्हणू नये की हे घेऊन बिचारी विधवा बाजारात गेली होती.

महागाईच्या तडाख्यात सापडलेलं नाणं बघायचंच असेल तर ते त्याच तबकात तळाशी, सगळ्यात स्वस्त ढिगात असतं. राइशचं स्वतःचं २०० मार्कांचं, अ‍ॅल्युमिनियमचं, साल १९२३. वजन जेमतेम एक ग्रॅम, तळहातावर ठेवलं तर आहे की नाही असं वाटावं. एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला आकडा, भोवती आदल्याच वर्षी राष्ट्रगीत ठरलेल्या गाण्यातले शब्द, खाली टांकसाळीचं अक्षर. हे आणि त्याचं ५०० मार्कांचं भावंड कोट्यवधींनी पाडलं गेलं. जानेवारीच्या सरासरी दराने २०० मार्क म्हणजे सेंटापेक्षा थोडे जास्त. ऑगस्टपर्यंत त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमचीच किंमत वरच्या आकड्यापेक्षा जास्त झाली होती. म्हणून आज ही नाणी कोरी करकरीत मिळतात. चकाकीवर भाळून लोक त्यांना वरचा दर्जा देतात. त्यांच्या बाबतीत चकाकीचा अर्थ एवढाच की त्यांना कोणी खर्च करू शकलं नाही. सरकारने टांकसाळी राबवल्या, मजुरी दिली, धातू घातला, आणि नाणं पोत्यातून बाहेर पडेपर्यंत त्याचं काम संपलं होतं. १९२३ची इतकी उघडीवाघडी साक्ष दुसऱ्या कुठल्या नाण्यात नाही, आणि ती वडापावच्या किमतीच्या आसपास पडून आहे.

त्याच्याच शेजारी कधी हांबुर्गचं निघतं. हेही अ‍ॅल्युमिनियमचं, पण त्याच्यावरचा आकडा पाहून नवखा माणूस ते बाजूला टाकतो. कोटी नाहीत, लाख नाहीत. लिहिलेलं असतं ‘१/१०’, नाहीतर ‘५/१००’. १९२३च्या शरद ऋतूत हांबुर्गच्या व्यापाऱ्यांना कळून चुकलं की कागदी मार्कात बंदराचा व्यवहार चालणार नाही. त्यांनी ‘हांबुर्गची १९२३ची बँक’ काढली, सोन्याशी जोडलेला हिशेबाचा मार्क ठरवला, आणि त्याची मोड म्हणून ही चिमुकली नाणी. एकीकडे राइशबँक शून्यांचे मणी ओवत असताना एक शहर मार्काच्या विसाव्या हिश्शाचं नाणं पाडत होतं, आणि लोक ते विश्वासाने घेत होते. तेव्हा जागोजागी असे प्रयोग चालले होते. ओल्डेनबुर्गने त्याआधीच, १९२२मध्ये, राय धान्यावर आधारलेल्या चिठ्ठ्या काढल्या होत्या, इतरत्र कोणी डॉलरचा आधार घेतला, कोणी लाकडाचा, कोणी विजेच्या युनिटचा. रेंटनमार्क आला तो याच वाटेने, जमीन आणि उद्योग तारण दाखवून. महागाई संपली कशी, याचं उत्तर ज्याला नाण्यातून वाचायचं आहे त्याने हांबुर्गचा दशांश शोधावा. त्यात रडकथा नाही म्हणून तो विकला जात नाही, एवढाच त्याचा दोष.

कोणी म्हणेल, हौस आहे, ज्याला जे आवडेल ते त्याने जमवावं. जमवावं की. माझी तक्रार हौसेविषयी नाही, चिठ्ठीविषयी आहे. उलट हौशींनी त्या गावांना पोसलं हाच या विषयातला सगळ्यात रंजक भाग आहे, आणि तो लपवण्याचं काही कारण नाही. चिनीमातीच्या नाण्याबरोबर ‘संग्राहकांसाठी, १९२१’ असं लिहिलं तर त्याचं मोल कमी होत नाही. कमी होते ती विक्रेत्याची गोष्ट.

दुसरी तक्रार दर्जाच्या वेडाविषयी. आपल्याकडे नाणं ‘यूएनसी’, म्हणजे न वापरलेलं, कोरं नसेल तर लोक तोंड फिरवतात. मोगली रुपयाला तो नियम लावा, एडवर्डच्या आण्याला लावा. अडचणीच्या पैशाला लावू नका. १९१७च्या जस्तावर आकडा पुसट झाला असेल, कडा गोल झाल्या असतील, तर ते चाललेलं नाणं आहे. कोऱ्या नगापेक्षा त्याला दोन पैसे जास्त द्यायला हवेत. कोरा नग बहुधा थेट नगरपालिकेच्या खिडकीतून अल्बममध्ये गेलेला असतो.

आणि घेतलंच आहे तर सांभाळावं कसं, हेही सांगायला हवं, कारण मुंबई आणि कोकणची हवा या धातूंची वैरीण आहे. जस्तावर पांढरी भुकटी धरते, लोखंड पोटातून फुगतं. मऊ पीव्हीसीच्या कप्प्यांत ठेवू नये, सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकाव्यात आणि पावसाळ्यात बदलाव्यात. चिंच-लिंबू लावून घासण्याची आपली घरगुती सवय पितळेच्या तांब्याला ठीक. जस्ताला आंबट लागलं की ते बुडबुडे सोडत विरघळू लागतं आणि हळूहळू नाण्याची सपाट टिकली होते.

प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं आहे की परदेशी नाण्यांच्या टेबलांवर पाकिटावर गाव, साल आणि धातू लिहिणं सक्तीचं करा. जर्मन गावांच्या या नाण्यांची वाल्टर फुंक यांनी गाववार सूची करून ठेवली आहे, जगभरचे संग्राहक त्यातला क्रमांक लावतात, तो पाकिटावर टाकायला विक्रेत्याला अर्धं मिनिट लागेल. ज्याच्याकडे क्रमांक नाही त्याने ‘जर्मनी, जुनं’ असं लिहावं. ते निदान खरं असेल, आणि भावही त्याच मानाने लावता येईल.